जीपीए २.७ आणि मेडिकलची इच्छा: अर्ज करण्याआधीचं काम

न्यू जर्सीतल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगा इथेच जन्मलेला, बायॉलॉजी घेऊन नुकताच पदवीधर झाला. एकूण जीपीए (चारपैकी सरासरी गुण) २.७, सायन्सचा २.५. एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेशपरीक्षा, अजून दिलेली नाही. डॉक्टर व्हायचं हे मात्र त्याचं पक्कं आहे. एक स्नेही म्हणतात, कॅरिबियनमध्ये जानेवारीच्या बॅचला हमखास जागा मिळेल. पुण्याचे मेहुणे म्हणतात, एनआरआय कोट्यातून इकडे पाठवा. वडिलांचं शेवटचं वाक्य असं: "या मार्कांवर कुठे ॲडमिशन मिळेल तेवढं कृपया स्पष्ट सांगा."

मी इथे इंटर्नल मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. बरीच वर्षं एका मेडिकल कॉलेजच्या ॲडमिशन कमिटीवर होतो, आणि आता पहिल्या फेरीत नकार मिळालेल्या मुलांबरोबर बसून पुढची आखणी करतो. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

स्पष्टच सांगायचं तर, आजच्या मार्कांवर मुलाने अमेरिकेतल्या एकाही मेडिकल कॉलेजला यंदा अर्ज करू नये. एमडी नाही आणि डीओही (ऑस्टिओपॅथिक शाखेची डॉक्टरकीची पदवी) नाही. पण याचा अर्थ त्याचा रस्ता बंद झाला, असा अजिबात नाही. २.७ वरून सुरुवात करून आज उत्तम डॉक्टर झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी कॉलेज शोधण्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं: मार्क नेमके का पडले, आणि ते कारण आज शिल्लक आहे की गेलं? तुमच्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही. बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये साधारण तीन-चार प्रकारची कारणं दिसतात. काहींवर खरोखरच भार होता: आठवड्याला पंचवीस-तीस तास नोकरी, घरात आजारपण, वडिलांची नोकरी गेलेली. काहींना नैराश्य किंवा एडीएचडी होतं, आणि आपल्या घरांमध्ये ते ओळखायलाच दोन वर्षं गेली. काहींना डॉक्टर व्हायचंच नव्हतं, पण नाही म्हणायची हिंमत नव्हती. त्यांची ट्रान्सक्रिप्ट पाहिली की केमिस्ट्रीत सी आणि इतिहासात किंवा कम्प्युटर सायन्समध्ये ए दिसतो. आणि सगळ्यात मोठा गट हायस्कुलात हुशार ठरलेल्या, पण अभ्यास कसा करायचा हे कधीच न शिकलेल्या मुलांचा.

या शेवटच्या गटाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांत तो फार दिसतो. हायस्कुलात वर्गात ऐकलं आणि आदल्या रात्री एकदा वाचलं की ए मिळायचा. कॉलेजात ऑर्गॅनिक केमिस्ट्री आली. मुलगा रोज चार तास लायब्ररीत बसतो, त्यामुळे त्याला मनापासून वाटतं की आपण खूप अभ्यास करतोय. मी त्याला वही आणायला सांगतो. वहीत प्रोफेसरांच्या स्लाइड्सच्या प्रिंट्स, त्यावर तीन रंगांचे हायलायटर आणि सुबक अक्षरात उतरवलेल्या नोट्स. सोडवलेली गणितं मात्र जवळपास नाहीत. मग कोरा कागद देऊन म्हणतो, ही रिॲक्शन पुस्तक न बघता लिही, बाण कुठून कुठे जातात ते दाखव. पेन पहिल्या बाणाशीच थांबतं. वाचून ओळखीचं वाटणं आणि कोऱ्या कागदावर स्वतः मांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. अशा मुलाला शिकवणी लावून फारसा उपयोग होत नाही, कारण शिकवणीतही तो ऐकतोच. त्याने रोज कोऱ्या कागदावर काम करायचं, चुकलेलं गणित दोन दिवसांनी पुन्हा करायचं आणि प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना स्वतः केलेला अर्धवट प्रयत्न घेऊन जायचं. एवढ्यावर एका सेमिस्टरमध्ये सी चा ए होताना मी पाहिलं आहे. पण तो बदल कागदावर दिसायला पूर्ण सेमिस्टर लागतं. त्याला शॉर्टकट नाही.

कारण आजारपणाचं असेल तर आधी उपचार, मग वर्ग. कारण पैशाचं असेल तर आधी घराचा हिशेब. आणि कारण तिसरं असेल, म्हणजे त्याला डॉक्टर व्हायचंच नसेल, तर ते आज कळलेलं बरं. "इच्छा पक्की आहे" हे तुम्ही लिहिलं आहे; तेच त्याच्या तोंडून ऐकायला हवं. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. आमच्या कमिटीपुढे मुलाखतीला आलेल्या आपल्या मुलांपैकी काही जण "मेडिसिनच का?" या साध्या प्रश्नावर घरातल्या डॉक्टरांची नावं सांगायची. घरात डॉक्टर आहेत यात वाईट काही नाही, पण त्या उत्तरात मुलगा स्वतः कुठेच नसायचा.

आता कमिटी मार्कांकडे कशी बघते ते सांगतो, म्हणजे पुढचा सल्ला का देतोय ते कळेल. एमडी कॉलेजांचे अर्ज बहुतांशी अॅमकास या एकाच यंत्रणेतून जातात, डीओ कॉलेजांचे अॅकोमासमधून. अॅमकास तुमच्या कॉलेजचा जीपीए जसाच्या तसा घेत नाही. हायस्कुलात असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सपासून उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेल्या कोर्सपर्यंत प्रत्येक ठिकाणची ट्रान्सक्रिप्ट द्यावी लागते. त्यावरून ते नव्याने जीपीए काढतात: एकूण वेगळा आणि बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित या विषयांचा वेगळा. एखादा कोर्स पुन्हा घेतला असेल तर दोन्ही वेळचे मार्क धरतात. डीओच्या बाजूला पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, पण ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. इंटरनेटवर अजून जुनी माहिती फिरते, तिच्यावर विसंबू नका.

आमच्यासमोर अर्ज यायचा तेव्हा पहिल्या पानावर हे आकडे वर्षांनुसार मांडलेले असायचे: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर आणि पदवीनंतरचे कोर्स. माझी नजर आधी त्या रकान्यावरून वरून खाली जायची. ३.१, २.४, २.५, २.८ असं दिसलं की पुढे सेमिस्टरवार ट्रान्सक्रिप्ट उघडायची. कुठल्या सेमिस्टरला कोसळलं? त्या वेळी किती क्रेडिट घेतले होते? डब्ल्यू (मध्येच सोडलेले कोर्स) किती? एकाच विषयात मार खाल्लाय की सगळीकडे? शेवटी बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजीसारख्या वरच्या वर्गांत काय केलं? पहिल्या दोन वर्षांत सी आणि नंतर सलग ए असतील, तर कमिटीतलं कुणीतरी त्या मुलाच्या बाजूने बोलायला उभं राहतं. शेवटच्या सेमिस्टरपर्यंत बी-मायनस आणि सी चाललेले असतील, तर निबंध कितीही सुंदर असला तरी बोलणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षी इतका मजकूर इतक्या वेगाने येतो की हा मुलगा त्यात तग धरेल का, एवढंच कमिटीला बघायचं असतं. त्याला नापास करायला म्हणून कुणी प्रवेश देत नाही.

आता गणित करू. ते कडू आहे, पण करायलाच हवं. मुलाचे १२० क्रेडिट धरले तर १२० गुणिले २.७ म्हणजे ३२४ गुण. वर्षभरात ३० क्रेडिट घेतले आणि प्रत्येकात ए (म्हणजे ४) मिळवला, तर १२० गुण वाढतील. ४४४ भागिले १५० म्हणजे २.९६. पूर्ण वर्ष एकही चूक न करता काढलं तरी एकूण जीपीए तीनला पोचत नाही. आणखी १५ क्रेडिट तसेच घेतले तर ५०४ भागिले १६५, म्हणजे ३.०५. सायन्सच्या बाजूला मात्र चित्र बरं आहे, कारण तिथे क्रेडिट कमी असतात. ६० क्रेडिट २.५ ने म्हणजे १५० गुण. ३० क्रेडिट ए ने म्हणजे आणखी १२०. २७० भागिले ९० म्हणजे नेमके ३.०.

हे पाहून अनेक पालक म्हणतात, मग उपयोग काय? उपयोग दोन. बऱ्याच कॉलेजांत तीनच्या खालचा अर्ज कमिटीतल्या माणसासमोर येण्याआधीच बाजूला पडतो, म्हणून तीन ओलांडायचे. आणि ओलांडल्यावर आमच्यासारखा वाचणारा ती सरासरी बाजूला ठेवून शेवटचे ४५ क्रेडिट बघतो. तिथे ३.९ असेल, तर तो आजचा मुलगा आहे असं आम्ही धरतो. तरी अपेक्षा जमिनीवर असाव्यात: २०२३ मध्ये साधारण साडेबावन्न हजार जणांनी एमडीसाठी अर्ज केले आणि जेमतेम तेवीस हजारांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ आणि एमकॅट ५११-५१२ च्या घरात होता.

हे कोर्स घ्यायचे कुठे? पदवीनंतर घेतलेल्या पदवीपातळीच्या कोर्सना इथे पोस्ट-बॅक म्हणतात. गाउचर, ब्रिन मॉर अशा नामांकित कार्यक्रमांची नावं तुम्हाला ऐकू येतील, पण ते मुख्यतः ज्यांनी सायन्स कधी घेतलंच नाही अशा, चांगल्या मार्कांच्या मुलांसाठी आहेत. तुमच्या मुलाला त्यांची गरज नाही. घराजवळच्या चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून नाव घालावं आणि आपले कोर्स आपणच निवडावेत. कम्युनिटी कॉलेज स्वस्त आहे, आणि घरची परिस्थिती तशी असेल तर मी ते कमी लेखत नाही. पण मोठ्या विद्यापीठात सी घेऊन कम्युनिटी कॉलेजात ए आणला, तर काही सदस्यांच्या मनात शंका राहते. शिवाय वरच्या पातळीचे बहुतेक वर्ग तिथे मिळतही नाहीत.

काय पुन्हा घ्यायचं आणि काय नवीन, यावर माझा नियम साधा आहे. प्री-मेडच्या आवश्यक विषयात सी-मायनस किंवा त्याखाली असेल तर पुन्हा घ्या; बऱ्याच कॉलेजांत सी च्या खालचा ग्रेड चालतच नाही. सी असेल आणि पाया खरोखर कच्चा असेल, तर पुन्हा घ्या, नाहीतर एमकॅटला तेच आडवं येईल. सी-प्लस किंवा बी-मायनस असेल तर तो कोर्स सोडून द्या आणि त्याच विषयातला पुढचा वर्ग घ्या. ऑर्गॅनिकमधल्या सी-प्लसला सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे बायोकेमिस्ट्रीतला ए. पहिल्या सेमिस्टरला दोन किंवा तीनच वर्ग घ्या. नवी पद्धत बसली की मग दोन सायन्स लॅबसकट बारा-पंधरा क्रेडिट एकत्र घ्या, कारण शेवटी दाखवायचं आहे ते भार पेलणं. एकेक कोर्स घेऊन मिळवलेल्या ए मालिकेतून ते दिसत नाही.

एमकॅटबद्दल तुमच्यासारखे पालक मला सांगतात, "मार्क कमी आहेत ना, मग एमकॅट फोडू दे." हा विचार अपुरा आहे. २.७ आणि ५१८ असा अर्ज आला की कमिटीत लगेच म्हणतात, डोकं आहे, पण काम करत नाही. वर्षानुवर्षं रोज काम करावं लागणाऱ्या व्यवसायात हा शेरा महागात पडतो. आधी वर्गांतले ए, मग त्यांना दुजोरा देणारी एमकॅट, असा क्रम हवा. परीक्षा साडेसात तासांची आहे, ४७२ ते ५२८ मध्ये गुण मिळतात आणि चारही भाग सारख्या वजनाचे आहेत. "बघू तरी किती पडतात" म्हणून देऊ नये: प्रत्येक वेळचे गुण कॉलेजांना दिसतात, आणि आयुष्यात सातपेक्षा जास्त वेळा देता येत नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचेच पूर्ण लांबीचे सराव पेपर मिळतात. घड्याळ लावून दिलेल्या शेवटच्या तीन पेपरांची सरासरी लक्ष्यापर्यंत आल्याशिवाय मी मुलांना खऱ्या तारखेला बसू देत नाही. तुमच्या मुलासारखा अर्ज असेल तर डीओसाठी ५०५ च्या वर आणि एमडीसाठी ५१२ च्या वर, असं लक्ष्य मी धरतो.

स्पेशल मास्टर्सबद्दलही विचाराल, म्हणून सांगतो. जॉर्जटाउन, बॉस्टन युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी एक-दोन वर्षांचे असे कार्यक्रम असतात, ज्यांत मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा अभ्यास असतो. तिथे ३.८ मिळवला तर तो भक्कम पुरावा ठरतो. पण हे मार्क पदव्युत्तर म्हणून वेगळे धरले जातात, पदवीचा जीपीए त्यांनी हलत नाही. फी भरमसाट. आणि तिथे बी-मायनस आले तर "मेडिकलचा अभ्यास याला झेपत नाही" हे स्वतःच सिद्ध करून दिल्यासारखं होतं. म्हणून हे पान शेवटी खेळायचं. पोस्ट-बॅकमध्ये ए येऊ लागले आहेत, जीपीए तीनच्या आसपास पोचलाय आणि तरी अर्ज हलका वाटतोय, अशा मुलाने जावं. अभ्यासाची पद्धत अजून बदललेली नाही अशा मुलाने जाऊ नये. काही कॉलेजं स्वतःच्या मास्टर्समधल्या चांगल्या मुलांना मुलाखतीची हमी देतात. प्रवेश घेण्याआधी ती अट लेखी वाचून घ्या.

डीओबद्दल आपल्या समाजात अजून कुजबुज चालते, "ते खरे डॉक्टर ना?" हो, खरे डॉक्टर. पन्नासही राज्यांत पूर्ण लायसन्स, शस्त्रक्रिया, औषधं, सगळं. २०२० पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, मान्यताही एमडी आणि डीओला एकत्रच आहे. माझे दोन अत्यंत विश्वासू सहकारी डीओ आहेत, आणि माझ्या घरच्यांना मी डोळे मिटून त्यांच्याकडे पाठवतो. या कॉलेजांत प्रवेश मिळणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास असतो, आणि मोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या मुलाकडे ती थोड्या अधिक मोकळेपणाने बघतात. तुमच्या न्यू जर्सीत रोवन-व्हर्चुआ आहे, शेजारी फिलाडेल्फियाला पीकॉम. तिथे दारातून मागे फिरायचं कारण नाही.

आता तुमच्या स्नेह्यांचा कॅरिबियनचा सल्ला. तिथली जुनी, मोठी कॉलेजं खोटी नाहीत. ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेसमधून शिकलेले उत्तम डॉक्टर अमेरिकेत आहेत. पण "जागा मिळणं" आणि "डॉक्टर होणं" यांतलं अंतर तिथे फार मोठं आहे. ती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा मोठ्या बॅचेस घेतात, आणि पहिल्या दोन वर्षांत गळती मोठी असते. २०२४ च्या रेसिडेन्सी मॅचमध्ये, म्हणजे या प्रशिक्षणाच्या जागावाटपात, अमेरिकन एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के मुलांना जागा मिळाली, डीओच्या ९२.३ टक्के, आणि परदेशी कॉलेजात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७ टक्के. आणि हे ६७ टक्के मॅचपर्यंत पोचलेल्यांचे आहेत. जो दुसऱ्या वर्षी कर्ज घेऊन घरी परतला, तो या आकड्यात नाही. जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या लायसन्स परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे परदेशी कॉलेजातल्या मुलाला उंच गुणांनी स्वतःला सिद्ध करायची एक जागा कमी झाली. मुख्य म्हणजे तुमच्या मुलाचे मार्क ज्या कारणाने पडले, ते कारण विमानात त्याच्याबरोबरच बसेल. इथे एक वर्ष ए काढून दाखवले आणि तरी दोनदा नकार आला, तर मग कॅरिबियनचा विचार शांतपणे करू. जानेवारीच्या बॅचला मात्र माझा सरळ नकार.

पुण्याच्या मेहुण्यांचं बोलणं प्रेमाचं आहे, पण त्यातही दोन गोष्टी सुटल्या आहेत. एनआरआय कोट्यातही नीट ही भारतातली प्रवेशपरीक्षा द्यावीच लागते, आणि अकरावी-बारावीच्या पातळीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी त्या पद्धतीने इथल्या मुलाने कधी केलेलं नसतं. मग साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप आणि परत यायचं तर यूएसएमएलई आणि मॅच, तीही परदेशी पदवीधर म्हणून. ज्याला भारतात राहून प्रॅक्टिस करायची आहे, मराठीत पेशंटशी बोलायची ओढ आहे, त्याच्यासाठी ही सुंदर वाट आहे. अमेरिकेत परतण्याचा आडमार्ग म्हणून मात्र ती इथल्या वाटेपेक्षा लांब पडते.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी व्हिसाबद्दल दोन ओळी. तुमचा मुलगा एच-फोरवर (नोकरदार पालकांच्या व्हिसावर अवलंबून) आला असेल आणि ग्रीन कार्ड हाती नसेल, तर २१ व्या वर्षी त्याचा अवलंबिताचा दर्जा संपतो, आणि एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेला की कॉलेजं त्याला परदेशी विद्यार्थी धरतात. कित्येक एमडी कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. अशा मुलाने पोस्ट-बॅकवर एक डॉलर खर्च करण्याआधी कोणती कॉलेजं त्याचा अर्ज उघडतील याची यादी करावी. फक्त भारतातली पदवी असलेल्यांनीही लक्षात ठेवावं की बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजचे बरेच क्रेडिट लागतात.

पैशाचं गणितही बदललं आहे. २०२५ च्या नव्या कायद्यानुसार ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद होतं. मेडिकलच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर एवढीच सरकारी मर्यादा राहते. पदव्युत्तर मास्टर्सची मर्यादा त्याहून बरीच कमी आहे. म्हणजे आज महागड्या मास्टर्सवर किंवा बेटावरच्या पहिल्या वर्षावर उधळलेले पैसे खऱ्या मेडिकल कॉलेजच्या वेळी जाणवतील. पोस्ट-बॅक घरी राहून, सरकारी विद्यापीठात, हे मी एवढ्या आग्रहाने म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

मार्क सुधारत असताना बाकीचा अर्ज रिकामा राहू नये. पेशंटच्या जवळ जाऊन केलेलं काम हवं: ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित कर्मचारी), मेडिकल असिस्टंट, क्लिनिकमध्ये स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातल्या पेशंटच्या शुश्रूषेत) स्वयंसेवा. आठवड्याला सहा तास, पण दीड वर्ष सलग, हे दोन महिन्यांच्या धडाक्यापेक्षा वजनदार दिसतं. ओळखीच्या काकांच्या क्लिनिकमधलं शॅडोइंग (डॉक्टरांबरोबर राहून काम बघणं) चालेल, पण तेवढंच नको. आणि सुट्टीत सांगली-कोल्हापूरला मामांच्या हॉस्पिटलात मुलगा गेला, तर त्याने फक्त बघावं. कौतुकाने कुणी टाका घालायला दिला आणि त्याने ते अर्जात अभिमानाने लिहिलं, तर इथली कमिटी ते पेशंटच्या जिवाशी खेळणं म्हणून वाचते. असा एक अर्ज आमच्याकडे त्या एकाच परिच्छेदामुळे बाजूला पडला होता.

निबंधात मार्कांचं स्पष्टीकरण तीन वाक्यांत द्यावं: काय झालं, मी काय बदललं, त्यानंतरचा निकाल काय. प्रोफेसरांना दोष नको, कोविडवर पूर्ण पान नको. निबंधाला ५,३०० अक्षरांचीच जागा असते. ती मार्कांवर उधळली तर मुलगा कोण आहे हे सांगायला काय उरेल?

वेळेचा अंदाज घ्या. या सप्टेंबरपासून पुढच्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे तीन सेमिस्टर, पोस्ट-बॅक. त्यानंतर जानेवारी ते एप्रिल एमकॅटची तयारी आणि परीक्षा. मेमध्ये अर्ज उघडतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेलाच पाहिजे, कारण कॉलेजं जसे अर्ज येतात तशी मुलाखती भरत जातात. सप्टेंबरात आलेला तोच अर्ज खूप मागे पडतो. वर्ग सुरू होतात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे आजपासून तीन वर्षं. समारंभात कुणी "मुलगा काय करतो सध्या?" विचारलं की तुम्हाला अवघड होईल, हे मला माहीत आहे. पण घाईने केलेला अर्ज फुकट जात नाही, तो नोंदला जातो, आणि दुसऱ्यांदा अर्ज करताना पहिला प्रश्न असतो: गेल्या वेळेपेक्षा काय बदललं? म्हणून पहिलाच अर्ज तयारीनिशी जाऊ द्या. पहिल्या पोस्ट-बॅक सेमिस्टरला मनापासून काम करूनही बी आणि सी आले, तर तिथे थांबून पुन्हा बोलायचं. पीए (फिजिशियन असिस्टंट), फिजिकल थेरपी, नर्सिंग, पब्लिक हेल्थ या वाटांना त्यांची स्वतःची प्रतिष्ठा आहे, आणि पीए कॉलेजंही मार्क बघतातच, त्यामुळे केलेलं काम वाया जात नाही.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. त्याने जिथे जिथे क्रेडिट घेतले त्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागवावी आणि प्रत्येक सेमिस्टरसमोर पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात: तेव्हा काय चाललं होतं, आणि आज ते कसं आहे. लिहिताना तुम्ही शेजारी बसू नका. मग पुढचा प्रश्न त्यालाच मला विचारू द्या, ती पानं समोर घेऊन. आणि नॉन-डिग्री विद्यार्थ्यांसाठी नोंदणीची शेवटची तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आजच बघा. बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजीचे संध्याकाळचे वर्ग सगळ्यात आधी भरतात.